घरची बिअर निवळते कशी?

बिअरचा पेला उजेडासमोर धरावा आणि त्यातून पलीकडच्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता यावा, ही घरी बिअर बनविणाऱ्यांची आवडती परीक्षा आहे. या परीक्षेत उतरण्यासाठी समुद्रशेवाळापासून माशाच्या पोटातील पिशवीपर्यंत नाना पदार्थ वापरले जातात. त्यांपैकी कोणता पदार्थ काय करतो, केव्हा घालावा आणि शाकाहारी माणसाने कशाकडे लक्ष द्यावे, याचा हा परिचय.

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा) लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. ते विकण्यासाठी केले की स्वतःसाठी, याने फरक पडत नाही. त्यामुळे पुढील मजकूर मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरासाठी नाही. ब्रिटनमध्ये मात्र घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये तत्संबंधीच्या विधेयकावर स्वाक्षरी केली. दोन प्रौढ व्यक्ती असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त बनविण्याची मुभा त्या कायद्याने मिळाली. राज्यांचे कायदे निराळे असल्याने मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत हा छंद कायदेशीर व्हायला २०१३ साल उजाडले. या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही गॅरेजमध्ये बिअरचा पिंप ठेवणारी मंडळी आढळतात. पहिली बिअर चाखून झाल्यावर त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, ‘चव बरी आहे, पण ही ताकासारखी का दिसते?’

आधी गढूळपणा ओळखावा

बिअरचे मूळ घटक चार. मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे माल्ट, हॉप्सची फुले, पाणी आणि यीस्ट. माल्ट ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात तासभर भिजविले, की त्यातील पिष्टाची साखर होते. हा गोड काढा (त्याला वर्ट म्हणतात) हॉप्स घालून तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. पुढे आठ-पंधरा दिवसांत साखरेचे अल्कोहोल होते. या प्रवासात द्रव गढूळ होण्याची कारणे निरनिराळी असतात आणि सगळा घोळ होतो तो येथेच. गढूळपणा कशाचा आहे हे न पाहता दुकानातून कुठली तरी पुडी आणून ओतली, तर ती वाया जाते.

पहिले कारण यीस्ट. यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. आंबण्याची क्रिया संपली तरी अशा असंख्य पेशी द्रवात तरंगत राहतात. दुसरे कारण प्रथिने व टॅनिन यांची जोडी. सातूतील काही प्रथिने आणि सातूची साले व हॉप्स यांतून आलेली टॅनिनवर्गीय द्रव्ये थंडीत एकमेकांना चिकटतात. म्हणूनच बाहेर ठेवलेली नितळ बिअर फ्रिजमधून काढल्यावर धुरकट दिसते आणि पेला हातात ऊबदार झाला की पुन्हा स्वच्छ होते. याला ‘चिल हेझ’, म्हणजे थंडीचे धुके म्हणतात. प्राणवायूच्या संपर्कात बाटली जुनी होत गेली, की हेच धुके कायमचे होऊन बसते. तिसरे कारण न मोडलेले पिष्ट, चौथे फळे घातली असल्यास त्यांतील पेक्टिन आणि पाचवे, सर्वांत वाईट, म्हणजे नको असलेल्या जिवाणूंचा शिरकाव.

निवळ करणारे पदार्थ, इंग्रजीत ज्यांना ‘फायनिंग्ज’ म्हणतात, ते मुख्यत्वे पहिल्या दोन कारणांवर चालतात. पिष्टावर ते निरुपयोगी आहेत. काढ्याच्या थेंबावर आयोडिन टाकून तो काळा-निळा झाला, तर दोष भिजवणीत आहे असे समजावे. पेक्टिनसाठी पेक्टिनेज हे वेगळे एन्झाइम मिळते. आणि आंबूस, विटका वास येणारी बिअर कितीही नितळ केली तरी ती विटकीच राहणार.

निवळीची बी आणि स्टोक्सचे गणित

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. पावसाळ्यातले गढूळ पाणी साफ करण्यासाठी तुरटीचा खडा फिरविण्याची रीत घरोघरी होती. त्याहून जुनी रीत म्हणजे निवळीची बी मातीच्या घड्याच्या आतल्या बाजूने उगाळण्याची. या झाडाचे मराठी नावच त्याचा गुण सांगते. संस्कृतात त्याला कतक म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत कतकाचा समावेश आहे. त्याच यादीत शेवाळाचे मूळही आहे, हे पुढे येणाऱ्या आयरिश मॉसच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे. (तुरटी व निवळी पाण्यासाठी, बिअरमध्ये त्यांचे प्रयोग करू नयेत.)

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. द्रवात कण किती वेगाने खाली बसेल, याचा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली मांडला. कणाचा व्यास दुप्पट झाला तर बसण्याचा वेग चौपट होतो. दसपट झाला तर शंभरपट. आपले काम एवढेच, की लहान कणांची गोळी व्हावी. पण यीस्टच्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो आणि समान भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात. बिअरमधील बरीच प्रथिने त्या आम्ल द्रवात धनभारित असतात. म्हणून यीस्ट खाली आणायचे तर धनभारित पदार्थ हवा आणि प्रथिने खाली आणायची तर ऋणभारित. निवळकांची सगळी दुकानदारी बव्हंशी या एका वाक्यावर चालते.

उकळीतले शेवाळ

पहिली संधी काढा उकळत असतानाच येते. आयरिश मॉस हे अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर वाढणारे तांबड्या जातीचे समुद्रशेवाळ. त्यात कॅराजीनन हे ऋणभारित द्रव्य असते. ते काढ्यातील प्रथिनांना धरते आणि काढा थंड होताच त्यांचे कढी फुटल्यासारखे गोळे होऊन तळाशी बसतात. साधारण २० लिटरला चहाचा एक चमचा वाळलेले शेवाळ, उकळी संपण्यास १५ मिनिटे उरली असताना घालावे. थोडे आधी पाण्यात भिजविले तर अधिक चांगले. ‘व्हर्लफ्लॉक’ या नावाने मिळणाऱ्या गोळ्या म्हणजे याच कॅराजीननचे शुद्ध केलेले रूप. तेवढ्याच काढ्याला अर्धी ते एक गोळी पुरते आणि ती शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकावी. तासभर उकळल्यास कॅराजीननच्या साखळ्या तुटून गुण कमी होतो.

हा पदार्थ स्वस्त आहे, वनस्पतिजन्य आहे आणि सहसा फसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते नवशिक्याने घ्यावा असा निवळक हाच. मात्र त्याला जोड लागते ती वेगाने थंड करण्याची. काढ्यात तांब्याच्या नळीचे वेटोळे बुडवून त्यातून गार पाणी खेळविले, की वीस-तीस मिनिटांत काढा यीस्ट घालण्याइतका थंड होतो आणि प्रथिनांचा साका खाली बसू लागतो. तो तसाच रात्रभर निवत ठेवला, तर धुके तर राहतेच, शिवाय जिवाणूंनाही निमंत्रण मिळते.

माशाच्या पिशवीचा व्यापार

आंबणे संपल्यावरच्या निवळकांत सर्वांत जुना मान आयझिंग्लासचा. हा पदार्थ म्हणजे माशाच्या पोटातील हवेची पिशवी वाळवून काढलेले कोलॅजेन. नाव जुन्या डच भाषेतून आले असून त्याचा अर्थच स्टर्जन माशाची पिशवी असा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या बिअरवाल्यांना हा माल रशियातून भारी किमतीला आणावा लागे. १७९५ च्या सुमारास विल्यम मर्डॉक यांनी कॉड माशापासून त्याला पर्याय काढला. जेम्स वॅट यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कारखान्यातले हे गृहस्थ कोळशाच्या वायूचे दिवे लावणारे म्हणून इतिहासाला ठाऊक आहेत. रशियन मालाला पौंडामागे २५ शिलिंग पडत, मर्डॉक यांच्या मालाला एक. लंडनच्या मद्योत्पादकांनी ही युक्ती वापरण्यासाठी त्यांना २,००० पौंड दिल्याची नोंद आहे.

पुढे या व्यापाराची नजर आपल्या किनाऱ्याकडे वळली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्ज रॉयल यांनी १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आयझिंग्लासच्या उत्पादनावर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. उष्ण समुद्रातील माशांचे कोलॅजेन थंड पाण्यातील माशांच्या कोलॅजेनपेक्षा अधिक ऊब सोसते, हा या मालाचा एक गुण. माशाच्या पिशवीची किंमत आजही उतरलेली नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ मासे सापडले आणि त्यांना सव्वा कोटी रुपयांहून जास्त भाव मिळाला, ही बातमी अनेकांना आठवत असेल. तो भाव मुख्यतः या पिशवीचा होता. अर्थात आता तिची मोठी मागणी पूर्व आशियात खाद्य व औषध म्हणून आहे. बिअर हे तिचे एक गिऱ्हाईक एवढेच.

आयझिंग्लासची खुबी त्याच्या रेणूत आहे. तीन पदरांच्या वेणीसारखा हा लांब रेणू बिअरच्या आम्ल द्रवात धनभारित होतो आणि ऋणभारित यीस्टला जाळ्यासारखा लपेटून खाली नेतो. इंग्लंडमधील पबच्या तळघरात पिंपातच आंबणारी बिअर १० ते १३ अंशांवर एक-दोन दिवसांत चकचकीत होते ती याच्याच बळावर. पिंप वाहतुकीत हलले तरी साका पुन्हा बसतो, हा आणखी एक गुण आणि पबवाल्याच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. पण हा पदार्थ नाजूक आहे. तयार द्रावण २० अंशांच्या वर राहिले की वेणी हळूहळू उलगडते आणि त्याचे साधे जिलेटिन होते. म्हणून द्रावणाची बाटली थंड जागी ठेवावी, ते कधीही गरम करू नये आणि मुदत उलटलेले घेऊ नये.

जिलेटिनची कृती

अमेरिकेतील घरगुती बिअरवाल्यांनी मात्र जिलेटिन जवळ केले, कारण ते कोणत्याही वाणसामानाच्या दुकानात मिळते. ते डुक्कर किंवा गुरे यांच्या कातडी-हाडांपासून होते. २० लिटरला चहाचा अर्धा ते एक चमचा बिनवासाचे, बिनगोडीचे जिलेटिन पुरे. ते अर्धा पेला थंड पाण्यात पंधरा-वीस मिनिटे फुगू द्यावे, मग ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करून विरघळवावे. उकळी येऊ देऊ नये. हे द्रावण थंड बिअरमध्ये सावकाश ओतावे. ‘थंड’ या शब्दावर भर आहे. थंडीचे धुके आधी तयार झालेले असेल तरच जिलेटिन त्याला धरून खाली नेऊ शकते. खोलीच्या तापमानाला ते धुके द्रवात विरघळलेलेच असते, मग धरायचे काय? बिअर १ ते ४ अंशांवर असताना हा उपाय केला तर दोन दिवसांत फरक दिसतो. तोपर्यंत भांडे हलवू नये.

येथे घाई नडते. आंबणे पूर्ण होण्याआधी यीस्ट खाली बसविले, तर साखर शिल्लक राहते आणि तीच पुढे बाटलीत आंबून बाटली फुटण्याची भीती असते. घनतामापकावर लागोपाठ दोन-तीन दिवस एकच आकडा येईपर्यंत थांबावे.

शाकाहारी पेल्याचा प्रश्न

आता महत्त्वाचा मुद्दा. आयझिंग्लास किंवा जिलेटिन बिअरमध्ये घटक म्हणून राहत नाहीत. ते साक्याबरोबर तळाशी जातात आणि वरची बिअर काढून घेतली जाते. त्यांचा अंश वर राहिला तरी अत्यल्प असतो. या युक्तिवादावर युरोपीय संघाच्या २०११ च्या अन्नलेबल नियमांत बिअर व वाइन निवळण्यासाठी वापरलेल्या आयझिंग्लासला मत्स्यजन्य ॲलर्जीच्या सूचनेतून वगळले आहे. म्हणजे बाटलीवर मासा लिहिलेला नाही, याचा अर्थ वाटेत मासा नव्हता असा होत नाही. अंश उरत नाही म्हणून चालेल, की स्पर्श झाला म्हणून चालणार नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरविण्यासाठी आधी माहिती हवी आणि ती लेबलवर नाही, ही तक्रार रास्त आहे. ती केवळ आपल्यासारख्यांची नाही. ब्रिटन-आयर्लंडमधील शाकाहारी मंडळींनीही ती वर्षानुवर्षे मांडली. १७५९ पासून बिअर बनविणाऱ्या गिनेस कंपनीने २०१५ साली नवी गाळणयंत्रणा बसवून आयझिंग्लास सोडण्याचे जाहीर केले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पिंप, कॅन, बाटल्या असे टप्प्याटप्प्याने ते अमलात आणले.

पाहुण्यांना घरची बिअर देणाऱ्यावर तर ही जबाबदारी अधिकच. तेथे लेबल नसते, यजमानाचा शब्द असतो. आणि प्राणिजन्य पदार्थ टाळून नितळ बिअर करणे अवघडही नाही. सिलिसिक आम्लाचे द्रावण (‘बायोफाइन क्लिअर’ या नावाने प्रसिद्ध) खनिजजन्य असून थंड बिअरमध्ये चांगले काम देते. पीव्हीपीपी ही प्लास्टिकवर्गीय भुकटी टॅनिन शोषून घेते, त्यामुळे धुक्याच्या जोडीतला एक साथीदारच नाहीसा होतो. मात्र ती पूर्ण खाली बसू द्यावी आणि पेल्यात येऊ देऊ नये. ‘क्लॅरिटी फर्म’ हे बुरशीपासून मिळवलेले एन्झाइम यीस्टबरोबरच घालतात. ते धुके धरणाऱ्या प्रथिनांचे नेमक्या जागी तुकडे करते. याने ग्लूटेनही कमी होते, पण म्हणून सिलिॲक विकाराच्या रुग्णाला ती बिअर बेलाशक देऊ नये.

सावध राहायचे ते कायटोसानबाबत. किझेलसोल आणि कायटोसान यांची जोडपुडी वाइनवाल्यांच्या दुकानांत सर्रास मिळते. नाव रासायनिक असल्याने ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवितात. बुरशीपासून केलेलेही मिळते, पण ते पाकिटावर पाहून घ्यावे.

एन्झाइमची कल्पना नवी नाही. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरांत आहे. पपईतले तेच पपेन थंडीच्या धुक्यावर वापरण्याचे पेटंट लिओ वॉलरस्टीन यांनी १९११ साली अमेरिकेत घेतले आणि पुढे कारखान्यांतून ते भरपूर वापरले गेले. त्याचा दोष असा, की ते धुक्याच्या प्रथिनांबरोबर फेसाची प्रथिनेही खाते. नितळ पण बिनफेसाची बिअर कोणाला हवी?

नितळपणाचा आग्रह कोठवर?

मुळात नितळपणा ही फार जुनी कसोटी नव्हे. मातीच्या व कथिलाच्या मगात बिअर पीत तेव्हा आत काय आहे हे दिसतच नव्हते. १८४२ साली बोहेमियातील पिल्झेन गावी जोसेफ ग्रोल यांनी सोनेरी लागर बिअर बनविली, काचेचे पेले स्वस्त होत गेले आणि डोळ्यांनी चव घेण्याची सवय लागली. जर्मनीची गव्हाची बिअर, बेल्जियमची पांढरी बिअर गढूळच असते, तशीच असावी लागते. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँटमध्ये रुजलेली, हॉप्सने गच्च भरलेली धूसर बिअर तर गेल्या दोन दशकांत फॅशनच झाली. अशा बिअरमध्ये जिलेटिन ओतणे म्हणजे बासुंदी गाळून पिण्यासारखे. निवळक यीस्ट व प्रथिनांबरोबर हॉप्सचा थोडा सुगंध आणि कडवटपणाही खाली नेतो; प्रमाण वाढविले तर फेसही मंदावतो. सांगितलेल्या प्रमाणाच्या दुप्पट घातल्याने दुप्पट नितळ होत नाही.

कोणताही पदार्थ न घालता काय साधते, तेही पाहण्यासारखे आहे. यीस्टच्या जातीजातींत फरक असतो. अनेक इंग्लिश जाती काम संपताच आपणहून गोळा होऊन बसतात, गव्हाच्या बिअरच्या जाती मात्र तरंगत राहतात. चटकन बसणारी जात निवडली, उकळी खळखळून काढली, काढा लवकर थंड केला आणि आंबून झाल्यावर पिंप दोन-तीन दिवस ० ते २ अंशांवर ठेवला, तर बहुतेक काम होऊन जाते. पिंप थंड होताना आतली हवा आकसते आणि झाकणावरच्या नळीतले पाणी किंवा बाहेरची हवा आत ओढली जाते, तेवढे सांभाळावे. त्यानंतर तीन-चार आठवडे बाटल्या थंड जागी उभ्या ठेवल्या, की उरलेले काम काळ करतो.

एक शंका वारंवार विचारली जाते. निवळकाने यीस्ट खाली गेले, तर बाटलीत वायू कसा धरणार? डोळ्यांना नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही बाटलीतील चमचाभर साखर आंबविण्यापुरते यीस्ट शिल्लक असते; फार दिवस थंडीत ठेवलेल्या बिअरला वायू धरण्यास काही दिवस जास्त लागतात, एवढेच. बाटलीच्या तळाशी त्या यीस्टचा पातळ थर बसतो. ओतताना बाटली एका दमात तिरपी करावी, मध्येच सरळ करू नये आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा.